पलटणीतला बिगुल घरी असेल तर: आधी वाचावा, मग जपावा

सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, रायगड या जिल्ह्यांतल्या ज्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे पलटणीत गेली, त्या घरांच्या माळ्यावर पदके, लोखंडी ट्रंक आणि गणवेशाचे बिल्ले यांच्याबरोबर क्वचित एखादा बिगुलही निघतो. तो निघाला की घरातली पहिली सूचना बहुधा एकच असते: चिंच लावून लख्ख घासू या आणि दिवाणखान्यात टांगू या. हा लेख त्या सूचनेच्या विरोधात लिहिलेला आहे. पहिल्या किंवा दुसऱ्या महायुद्धात एखाद्या शिपायाने वापरलेला बिगुल म्हणजे धातूवर उमटलेली एक नोंद असते. ती नोंद अतिशय उथळ असते आणि एका दुपारच्या घासण्यात कायमची पुसली जाते. म्हणून क्रम असा ठेवावा की वाद्य आधी नीट पाहायचे, त्यावरच्या खुणा वाचायच्या, त्यांचे फोटो घ्यायचे, आणि मगच, तेही लागेल तेवढेच, त्याला हात लावायचा.

हाती काय आहे ते पाहणे

ब्रिटिश आणि हिंदी पायदळाचा नेहमीचा बिगुल हा निमुळत्या तांब्याच्या नळीला दोन वेढे देऊन घडवलेला असतो. त्याची उंची सुमारे एक फूट असली, तरी वेढे उलगडले तर नळी साधारण साडेचार फूट भरते. पुढच्या पसरट भागाला, म्हणजे कर्ण्याला, काठाशी पितळेची पट्टी असते, जोडांवर पितळी कडी असतात आणि दोरी अडकवण्यासाठी बारीक कड्या असतात. माऊथपीस सुटे असते आणि ते हरवू नये म्हणून काही बिगुलांना छोटी साखळीही असते. पडदे किंवा भोके या वाद्याला नसतात. म्हणून एका नळीतून निसर्गतः जे स्वर निघतात तेवढेच मिळतात. त्यांतले पाच वापरात असतात, आणि आपल्या स्वरांत सांगायचे तर ते सा, प, वरचा सा, वरचा ग आणि वरचा प असे आहेत. पहाटे उठवण्यापासून लास्ट पोस्टपर्यंत, म्हणजे दिवस संपल्याच्या आणि अंत्यविधीलाही वाजणाऱ्या इशाऱ्यापर्यंत, छावणीतला प्रत्येक इशारा या तीन स्वरनामांच्या पाच जागांवर बसवलेला आहे.

वाद्य सगळेच पितळेचे असेल, पत्रा पातळ असेल, जोड ओबडधोबड असतील आणि कर्ण्यावर भल्या मोठ्या अक्षरांत एखादे युद्धाचे साल किंवा मुकुट उठवलेला असेल, तर सावध व्हावे. शोभेसाठी घडवलेले असे बिगुल मुंबईच्या चोर बाजारापासून पर्यटनस्थळांच्या दुकानांपर्यंत सर्वत्र विकले जातात. ते वाईट असतात असे नाही, परंतु त्यांनी मेसोपोटेमियाची (आजच्या इराकची) किंवा इटलीची आघाडी पाहिलेली नसते. शिवाय दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याचे जास्तीचे सामान लिलावात निघाले, त्यामुळे खरा लष्करी बिगुल घरात असला म्हणून तो आपल्याच आजोबांनी वाजवला असेल असेही धरून चालता येत नाही. वाद्य खरे आहे का, आणि ते याच माणसाचे आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांचे पुरावेही वेगळे आहेत.

खुणा वाचणे

यासाठी लागते ते फार थोडे. एक साधी विजेरी, एक भिंग, मोबाइलचा कॅमेरा, पांढरी चादर आणि नायट्राइलचे पातळ हातमोजे पुरतात. हातमोजे नसतील तर हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत आणि वाद्य काठाला धरावे, कारण घामातल्या मिठाने तांब्यावर बोटांचे ठसे अक्षरशः कोरले जातात आणि ते नंतर निघत नाहीत.

खोलीतला दिवा मालवावा, बिगुल चादरीवर आडवा ठेवावा आणि विजेरी कर्ण्याच्या काठाशी जवळजवळ टेकवून प्रकाश पृष्ठभागावरून सरपटत जाईल असा धरावा. समोरून पाहताना जो भाग नुसता तपकिरी आणि सपाट दिसत होता, त्यावर आता अक्षरांच्या कडांच्या सावल्या उभ्या राहतात. आधी एखादी सुटी रेघ, मग तिच्या शेजारी वळण, मग अर्धा आकडा दिसू लागतो. विजेरी हळूहळू फिरवत राहावी, कारण डावीकडून न दिसलेले अक्षर उजवीकडून प्रकाश पडला की दिसते. प्रत्येक कोनातून एक फोटो घ्यावा आणि शेजारी पट्टी ठेवावी. खुणा उठाव्यात म्हणून खडूची पूड, रांगोळी, कुंकू किंवा शाई चोळू नये. ती बारीक खाचांत बसते आणि ओल धरून ठेवते.

या खुणांत पहिली शोधायची ती बाणाची. वर टोक केलेला तीन रेघांचा बाण ही ब्रिटिश सरकारी मालमत्तेची खूण होती, आणि त्याच्याखाली रोमन लिपीतला ‘आय’ असेल तर तो माल हिंदुस्थान सरकारच्या खात्याचा होता. दुसरी खूण कारखानदाराच्या नावाची. लंडनचे हेन्री पॉटर, हॉक्स अँड सन, मँचेस्टरचे मेयर्स अँड हॅरिसन ही नावे जुन्या बिगुलांवर आढळतात. बूझी आणि हॉक्स या दोन पेढ्या १९३० साली एक झाल्या, म्हणून दोन्ही नावे जोडून आलेला बिगुल पहिल्या महायुद्धातला असूच शकत नाही, घरातली आख्यायिका काहीही सांगो. मेरठ हे आपल्याकडचे बँडच्या वाद्यांचे जुने केंद्र आहे आणि तिथली नादिर अली यांची पेढी १८८५ पासूनची आहे. त्यामुळे मेरठचा शिक्का दिसला म्हणून वाद्य हलक्या प्रतीचे किंवा नंतरचे आहे असे समजण्याचे कारण नाही.

तिसरी आणि सर्वांत बोलकी खूण पलटणीच्या क्रमांकाची असते. मराठा पलटणींच्या बाबतीत तिच्यावरून काळ बऱ्यापैकी ठरवता येतो. १०३, १०५, ११०, ११४, ११६ किंवा ११७ यांपैकी आकडा असेल तर बिगुल १९२२ च्या आधी पलटणीच्या खात्यावर चढला, कारण त्या साली या सहा पलटणी एकत्र करून ‘पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री’ झाली. जुनी १०३ ही तिची पहिली बटालियन झाली, १०५ दुसरी, ११० तिसरी, ११६ चौथी, ११७ पाचवी, तर ११४ दहावी. म्हणून एखाद्या बिगुलावर तिरपी रेघ मारून तीन आणि पाच असे लिहिलेले असेल, तर ती तारीख नसून पाचव्या रेजिमेंटची तिसरी बटालियन आहे. स्पेलिंगही उपयोगी पडते. इंग्रज अमदानीत ‘मराठा’ या शब्दात रोमन ‘एच’ हे अक्षर ‘आर’च्या आधी लिहीत असत, आणि आजचे स्पेलिंग स्वातंत्र्यानंतरचे आहे.

लाइट इन्फन्ट्री म्हणजे हलके पायदळ पांगून लढत असे, पांगलेल्या माणसांना ढोलापेक्षा बिगुल दूरवर ऐकू जात असे, आणि म्हणून या रेजिमेंटच्या बिल्ल्यावरच बिगुल आहे. अशा पलटणींत बिगुलाची दोरी हिरवी असे. हिरव्या दोरीचा तुकडा जरी शिल्लक असला तरी तो पुरावा समजून जपावा. ‘किडलेली दोरी काढून नवी गोंड्याची लावली’ हे वाक्य अशा वस्तूंच्या बाबतीत फार वेळा ऐकू येते.

शेवटी पोचे पाहावेत. कर्ण्याचा काठ एका बाजूला चेपलेला असतो, वेढ्यावर मूठ जिथे येते तिथे धातू गुळगुळीत झालेला असतो, जोडाला कुठेतरी वेगळ्या रंगाचा डाख दिलेला असतो. हा डाख पलटणीतल्या कारागिराने दिला असेल किंवा गावातल्या कासाराने, पण दोन्ही गोष्टी त्या वाद्याच्या आयुष्यात घडलेल्या आहेत. पुण्याच्या तांबट आळीत पोचे काढून देणारे उत्तम हात आहेत आणि त्यांच्या कसबाबद्दल शंका नाही, परंतु ठोकून सारखा केलेला पत्रा ताणला जातो, पातळ होतो आणि त्यावरची अक्षरे पसरतात. घागरीसाठी हे काम योग्य आहे, या बिगुलासाठी नाही.

घासण्याबद्दल

इथे एक प्रामाणिक आक्षेप येतो. बिगुलर स्वतः आपला बिगुल रोज चमकवत असे, परेडवर मळका बिगुल नेला तर त्याची धडगत नसे. मग आपण चमकवला तर काय बिघडले? या आक्षेपात तथ्य आहे, आणि जुन्या बिगुलांवरची अक्षरे अर्धवट झिजलेली दिसतात त्याचे कारणही तेच आहे. परंतु त्याच्या हातून झालेली झीज ही त्याच्या नोकरीचा भाग आहे, आपल्या हातून होणारी झीज केवळ आपल्या हौसेची असेल. शिवाय त्याने जे झिजवले त्यानंतर फार थोडे उरले आहे. माझ्या मते निर्णयासाठी एवढे पुरेसे आहे.

चिंच, लिंबू, कोकम आणि आंबट ताक यांतली आम्ले तांब्यावरचा तपकिरी थर विरघळवतात. हा थर म्हणजे मळ नसतो. तांब्याची हवेशी सावकाश झालेली ती संयुगे असतात आणि खालच्या धातूचे रक्षण तीच करतात. पितळ हे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण असल्यामुळे त्याच्यावर आम्लाचा आणखी एक परिणाम होतो. जस्त आधी निघून जाते आणि मागे तांबूस, सच्छिद्र ठिपके उरतात. कर्ण्याच्या पट्टीवर असे गुलाबी-तांबूस ठिपके आधीच दिसत असतील तर तिथला धातू कमकुवत झालेला आहे असे समजून तो भाग दाबू नये. राख, रांगोळी, विटेची पूड आणि भांड्यांची पावडर या गोष्टी तर सरळ खरवडतात.

बाजारातल्या पातळ पॉलिशमध्ये पुष्कळदा अमोनिया असतो, आणि अमोनियाची कथा या विषयाशी फारच जवळची आहे. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेला असे आढळले की पावसाळ्यात तबेल्यांत साठवलेल्या पितळी काडतुसांना कोणी हात न लावता चिरा जातात. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि पत्रा घडवताना पितळात राहून गेलेला ताण या तिघांमुळे हे होत होते, याचा उलगडा १९२१ साली झाला. बिगुलाची पट्टीही अशीच ताण देऊन वळवलेली पितळ आहे. म्हणून अमोनियाचे पॉलिश तर नकोच, पण बिगुल गोठ्याला लागून असलेल्या खोलीत, खताच्या पोत्यांजवळ किंवा फरशी पुसण्याच्या उग्र द्रवांच्या कपाटातही ठेवू नये.

मग करायचे काय? मऊ केसांचा कोरडा ब्रश घेऊन धूळ झाडावी, वरून खाली आणि एका दिशेने. खाचांत अडकलेली धूळ ब्रशने उकलत दुसऱ्या हातात धरलेल्या कपड्यावर पाडावी. नंतरही चिकट मळ राहिला तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून घट्ट पिळलेल्या सुती कापडाने एक लहानसा भाग पुसून पाहावा, लगेच कोरड्या कापडाने टिपावा, आणि कापडावर तपकिरी रंग येऊ लागला तर थांबावे, कारण तो मळ नसून वरचा थर उतरत आहे. बिगुल पाण्यात बुडवू नये. वेढ्यांत आणि जोडांच्या आत शिरलेले पाणी आठवडेच्या आठवडे बाहेर येत नाही.

हिरव्या रंगाबाबत भेद करायला शिकावे. गर्द हिरवा, घट्ट बसलेला कळंक असेल तर त्याला हात लावण्याची गरज नसते. फिकट हिरवी, भुकटीसारखी, बोट लावताच सुटणारी पूड ठिपक्याठिपक्यांनी येत असेल आणि पुसल्यावर काही दिवसांत पुन्हा उगवत असेल, तर तो क्षारांचा रोग आहे. तो कोकणात आणि एकूणच समुद्राच्या खाऱ्या हवेत अधिक दिसतो. अशा वेळी तोंडाला मास्क लावून बांबूच्या बोथट काडीने सुटी पूड काढावी, वाद्य कोरड्या डब्यात वेगळे ठेवावे आणि वस्तुसंग्रहालयाच्या जतन विभागाचा सल्ला घ्यावा. घरगुती उपाय इथे चालत नाहीत. मास्क यासाठी की तांब्याचे क्षार नाकात जाणे बरे नाही, आणि जुन्या डाखात शिसेही असते.

पुसून पूर्ण कोरडा झालेल्या बिगुलावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात द्यावा आणि मऊ कापडाने तो एकसारखा करावा. संग्रहालये हेच मेण वापरतात. खोबरेल किंवा गोडेतेल लावण्याची जुनी सवय सोडावी. तेलाने आज तकाकी येते, उद्या धूळ चिकटते, आणि तेलातल्या आम्लांनी परवा तांब्यावर हिरवट, मेणचट थर धरतो. मेण दोरीला लागू देऊ नये. दोरी धुऊही नये, कारण तिचा रंग पाण्यात उतरतो.

वाद्याच्या नळीत विजेरीने डोकावून पाहावे. वर्षानुवर्षे खुंटीवर टांगलेल्या बिगुलात कुंभारमाशीने मातीचे घर केलेले असणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. तार किंवा काठी घालून ते फोडण्याचा मोह आवरावा, कारण माती आत अधिक घट्ट बसते आणि नळीच्या वळणावर पत्रा आतून ओरखडतो. माऊथपीस अडकून बसले असेल तर पक्कड लावू नये. अडकलेले माऊथपीस तसेच राहिले म्हणून काही नुकसान होत नाही, पिळवटलेली नळी मात्र दुरुस्त होत नाही.

ज्या घरांत खंडेनवमीला आणि दसऱ्याला शस्त्रांबरोबर बिगुलाचीही पूजा होते, तिथे ती थांबवा असे सांगणे उचितही नाही आणि शक्यही नाही. बिगुल कोऱ्या सुती कापडावर ठेवावा, हळदकुंकू पाटाला वाहावे, झेंडूची ओली फुले समोर ठेवावीत आणि धातूला किंवा दोरीला लागू देऊ नयेत. पूजा आटोपली की वाद्य त्याच दिवशी जागेवर जावे.

ठेवण्याची जागा

बिगुल दोरीने टांगू नये. शंभर वर्षांच्या दोरीवर वाद्याचे वजन दिले की ती कडीजवळ तुटते, आणि खाली पडलेल्या कर्ण्याला जो पोचा येतो तो कुठल्याही युद्धातला नसतो. आडवा, आधार देऊन ठेवावा. आधारासाठी स्टार्च आणि नीळ न घातलेल्या, धुतलेल्या मलमलीच्या घड्या उत्तम. दोरी काढता येत असेल तर ती वेगळी, सैल गुंडाळून, त्याच डब्यात पण धातूला न टेकता ठेवावी.

आम्लविरहित पुठ्ठ्याचा डबा मिळाला तर चांगलेच, नाहीतर झाकणाचा साधा प्लॅस्टिकचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या एवढ्यावर भागते. मात्र पुड्या पावसाळ्यात दर काही आठवड्यांनी वाळवाव्या किंवा बदलाव्या लागतात. विसरलात तर बंद डबा हाच ओलीचा सापळा होतो. आर्द्रता मोजणारे छोटे डिजिटल यंत्र स्वस्तात मिळते. ते डब्यात ठेवून आकडा ५० टक्क्यांच्या आत राहतो ना हे पाहावे, आणि फिकट हिरवी पूड धरलेली असेल तर तो ४० च्या जवळ आणावा. प्लायवुडचे नवे कपाट, लोकरी कापड, फेल्ट, रबरबँड, वर्तमानपत्र आणि डांबरगोळ्या यांपासून वाद्य दूर असावे. प्लायवुडमधून आम्लांच्या वाफा सुटतात आणि त्या शिशाच्या डाखाला खातात, तर लोकर आणि रबर यांतल्या गंधकाने तांबे काळवंडते.

घरात बॅगपाइप किंवा ढोल असेल तर हेच नियम थोड्या फरकाने लागू पडतात. ढोलाचे कातडे पावसाळ्यात सैल आणि उन्हाळ्यात ताठ होते, म्हणून दोऱ्यांचा ताण थोडा कमी करून ठेवावा. बॅगपाइपच्या नळ्यांवर पांढरी, दाणेदार रेघांची कडी असतील तर ती हस्तिदंती असण्याची शक्यता असते, आणि तसे असल्यास वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे ती वस्तू विकणे बेकायदेशीर ठरते. वन विभागाकडे चौकशी केल्याशिवाय ती हलवू नये.

वाजवावा का?

लोकांना हा प्रश्न सर्वांत आधी पडतो, म्हणून स्पष्ट उत्तर देतो: सहसा नाही. फुंकर मारली की श्वासातली वाफ आत थिजते, थुंकीतले क्षार आणि आम्ले नळीच्या आतल्या बाजूला बसतात आणि ती जागा पुसता येत नाही. वाजवणाऱ्याच्या दृष्टीनेही जुन्या माऊथपीसवरचा मुलामा उडालेला असतो आणि जोडांत शिसे असते. स्मृतिदिनी लास्ट पोस्ट ऐकवायची असेल तर ती आजच्या बिगुलावर वाजवावी आणि जुना शेजारी मांडून ठेवावा.

तरीही त्याचा आवाज एकदा नोंदवून ठेवावा असे घरातल्यांना मनापासून वाटत असेल, तर आधी चिरा आणि नळीतली माती तपासावी, आजचे स्वच्छ माऊथपीस बसते का पाहावे, पलटणीच्या बँडमधून निवृत्त झालेल्या माणसाकडून ते काम करून घ्यावे आणि पाचही स्वर एकेकदा सावकाश रेकॉर्ड करावेत. त्यानंतर बिगुल उलटा धरून पाणी निथळू द्यावे आणि डब्यात घालण्यापूर्वी तो दिवसभर पंख्याखाली ठेवावा. जुना बिगुल हार्मोनियमशी किंवा पियानोशी जुळला नाही तर तो बिघडला आहे असे समजू नये. पहिल्या महायुद्धाच्या काळी ब्रिटिश फौजेच्या बँडची पट्टी आजच्यापेक्षा चढी होती.

बिगुलवाल्याचा शोध

वाद्याइतकीच माणसाची नोंद महत्त्वाची आहे आणि तिला उशीर परवडत नाही. घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीला बिगुल समोर ठेवून बोलते करावे आणि संमतीने मोबाइलवर ध्वनिमुद्रण करावे. लिहिताना तीन रकाने करावेत: कागदावर लिहिलेले काय मिळाले, स्वतः पाहिलेल्या माणसाने काय सांगितले, आणि कोणाकडून तरी ऐकलेले काय आहे. हे तीन एकत्र मिसळले की पुढच्या पिढीला ते पुन्हा वेगळे करता येत नाहीत.

कागदांत डिस्चार्ज सर्टिफिकेट, पेन्शनचे पुस्तक आणि पत्रे शोधावीत. पहिल्या महायुद्धाच्या काळातली घरची पत्रे मोडी लिपीत असू शकतात, त्यामुळे ‘वाचता येत नाही’ म्हणून ती रद्दीत टाकू नयेत. मोडी वाचणारे लोक आजही महाराष्ट्रात आहेत. पदके असतील तर त्यांची कड पाहावी. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण उठवलेली असते, आणि हुद्द्याच्या जागी शिपाई याऐवजी बिगुलर किंवा ड्रमर यांचे रोमन संक्षेप असतील तर तो घरातल्या कथेला मिळालेला सर्वांत भक्कम दुजोरा होय. हिंदी शिपायांच्या दुसऱ्या महायुद्धातल्या पदकांवरही पुष्कळदा नाव सापडते.

युद्धात कामी आलेल्यांची नावे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत इंटरनेटवर विनामूल्य शोधता येतात. मेसोपोटेमियात पडलेल्या मराठी शिपायांपैकी अनेकांची नोंद बसरा स्मारकाखाली मिळते. नावाचे रोमन स्पेलिंग चारपाच प्रकारे करून पाहावे, कारण ते लिहिणारा कारकून मराठी असेलच असे नव्हते. जे जिवंत परतले ते मात्र या यादीत नसतात. त्यांच्यासाठी मराठा लाइट इन्फन्ट्रीचे बेळगाव येथील अभिलेख कार्यालय, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातल्या सागर येथील केंद्र, किंवा बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या दलाचे खडकीचे केंद्र यांच्याकडे सेवाक्रमांकासह अर्ज करावा. अर्ज कसा करायचा याचे मार्गदर्शन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मिळू शकते. पलटणींच्या युद्धदैनंदिनी लंडनमधल्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यांत साध्या शिपायाचे नाव क्वचितच येते, पण पलटण अमुक दिवशी कुठे होती हे कळते.

ते कळणे का उपयोगाचे आहे याचे एक उदाहरण देतो. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियातल्या कुत-अल-अमारा येथे वेढ्यात सापडल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिथल्या फौजेने शरणागती पत्करली. एखाद्या घरात ‘पणजोबा कुतला तुर्कांच्या कैदेत होते आणि हा बिगुल त्यांनी तिथून आणला’ असे सांगत असतील, तर कैदेतली वर्षे सरकारी बिगुल जवळ बाळगणे जवळजवळ अशक्य होते हे लक्षात घ्यावे. याचा अर्थ कथा खोटी आहे असा होत नाही. पणजोबा कैदेत होते हे खरे असेल आणि बिगुल सुटकेनंतरच्या नोकरीतला असेल. वाद्यावरचा पलटणीचा आकडा १९२२ च्या आधीचा आहे की नंतरचा, हे पाहिले की गाठ बहुधा सुटते.

आणखी एक समज दूर करावा. लढाई ऐन भरात असताना बिगुलर उभा राहून इशारे देत आहे असे चित्र आपल्या डोळ्यांसमोर असते. महायुद्धांच्या खंदकांत इशाऱ्याचे काम शिट्टीने, टेलिफोनने आणि निरोप्यांनी होत असे. बिगुल मुख्यतः छावणीत, कूच करताना आणि अंत्यविधीला वाजे, आणि लढाईच्या वेळी बँडची माणसे पुष्कळदा जखमींचे स्ट्रेचर उचलत किंवा निरोप पोहोचवत. आपल्या माणसाच्या नोंदीत ‘स्ट्रेचर-बेअरर’ हा शब्द आढळला तर दुसऱ्याच कोणाचा कागद हाती आला असे मानू नये. ते बिगुलरचेच काम होते.

जमलेली सगळी माहिती एका कागदावर पेन्सिलीने लिहून डब्यात ठेवावी आणि तिची एक प्रत दुसऱ्या घरी असावी. बिगुलावर नाव कोरू नये, चिकटपट्टी लावू नये. पांढऱ्या सुती दोऱ्याने कागदी चिठ्ठी सैल बांधावी.

दुसऱ्याकडे सोपवताना

भावकीत वाटणी झाली, की बिगुल परदेशी असलेल्या मुलाकडे पाठवण्याचा विचार निघतो. शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येते आणि खाजगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. पहिल्या महायुद्धातला बिगुल या मर्यादेत बसतो. दुसऱ्या महायुद्धातला बसत नसला तरी विमानतळावर तो किती जुना आहे हे सिद्ध करणे आपल्यावर येते, म्हणून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून तो पुरावशेष नसल्याचा दाखला आधीच घ्यावा.

घरात जपणारे कोणी उरले नसेल तर रेजिमेंटचे बेळगावचे संग्रहालय ही पहिली जागा. बिगुल घेऊन थेट जाऊ नये. आधी फोटो, खुणांचे वाचन आणि माणसाची माहिती पाठवावी, कारण संग्रहालयाला वाद्यांची वाण नसते, ज्याचा वापरणारा ठाऊक आहे अशा वाद्याची असते. द्यायचे ठरले तर देणगी आहे की ठरावीक मुदतीची उसनवारी, हे कागदावर लिहून घ्यावे. घरच्यांना पाहायला आणि फोटो घ्यायला मिळेल का, वस्तू मांडली नाही तर कुठे ठेवतील, आणि पुढे नको झाली तर ती कुटुंबाला परत विचारतील का, हेही त्यात यावे. पोचपावतीवर वाद्याचे वर्णन, त्यावरचे आकडे आणि सोबत दिलेल्या दोरी-माऊथपीसची स्वतंत्र नोंद असल्याशिवाय सही करू नये.